फेकायचा कॅमेरा फेकायचा कशाला?

तुमच्या घरातले कोणी कामाधंद्यासाठी अंधेरीला, बोरिवलीला, घाटकोपरला किंवा मुलुंडला राहत असेल, तर एखाद्या लग्नसराईत त्याच्या पिशवीतून पुठ्ठ्याचे रंगीत वेष्टन घातलेला एक हलका प्लॅस्टिकचा डबा तुमच्या ओसरीवर येण्याचा संभव आहे. हा कॅमेरा असतो. वजनाला पावशेरही नाही. आत रोल भरलेला, बहुधा २७ फोटोंचा. अंगठ्याने फिरकी फिरवायची, बटण दाबायचे, पुन्हा फिरकी फिरवायची. मोबाइलच्या जमान्यात रोलच्या फोटोंची हौस पुन्हा आली आहे आणि उपनगरांतल्या काही लग्नांत पाहुण्यांच्या टेबलांवर असे डबे मांडून ठेवण्याची चालही निघाली आहे.

फोटो संपले की डबा तसाच्या तसा फोटोच्या दुकानात द्यायचा. दुकानदार तो फोडतो, रोल काढतो, धुतो आणि तुम्हाला फोटो देतो. डबा मात्र परत मिळत नाही. त्यावर छापलेलेच असते, की हा एकदाच वापरायचा.

आता शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटणे अवघड आहे. कंदिलाची काच फुटली म्हणून आपण कंदील टाकत नाही. फवारणीच्या पंपाचा वॉशर गेला तर वॉशर बदलतो, पंप नाही. पेनातली शाई संपली तर रिफिल आणतो. मग रोल संपला म्हणून कॅमेरा का टाकायचा? भिंग झिजले का? बटण तुटले का? तसे काहीच झालेले नसते. संपलेली असते ती फक्त रिफिल. तेव्हा या डब्यात असे काय आहे, की त्याचे आयुष्य एका रोलपुरतेच असावे, आणि ते वाढवायचे तर त्यात काय बदल करावा लागेल, हे आपण जरा आत डोकावून पाहू.

पुठ्ठा काढला की काळ्या प्लॅस्टिकची पेटी दिसते. समोर वाटाण्याएवढे प्लॅस्टिकचे भिंग. ते मागेपुढे सरकत नाही. साधारण मीटरभर अंतरापलीकडचे सारे बऱ्यापैकी स्पष्ट दिसावे अशा बेताने ते एकाच जागी बसवलेले असते. एकट्या साध्या भिंगाला चित्राच्या कडा नीट दाखवता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून मागची फिल्म सपाट न ठेवता किंचित कमानीत धरलेली असते. किती स्वस्त आणि किती हुशार तोड! भिंगामागे स्प्रिंगवर उघडमीट करणारी एक पातळ पत्री असते, ती प्रकाशाला क्षणभर वाट देते. बाकी एक दातेरी चाक, फोटो मोजणारी चकती आणि फ्लॅश असेल तर त्याची पट्टी व एक सेल. एवढाच संसार.

दातेरी चाकाचे काम समजून घेण्यासारखे आहे. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतात. एका फोटोच्या जागेत अशी आठ भोके बसतात. फिल्म आठ भोके पुढे सरकली की चाकाचा फेरा पुरा होतो, पत्रीचा चाप ताणला जातो आणि फिरकी अडकते. म्हणजे फोटोवर फोटो पडत नाही. ही भोके आज कारखान्यात पडतात, पण दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून सिनेमाचे सामान आणले, तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय येत असे. रात्री अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. त्याच सुमारास फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रे टिपली आणि वेल डोळ्यांदेखत वर चढताना लोकांना दाखवला. असो.

डब्यातली खरी गोम पुढेच आहे. नेहमीच्या कॅमेऱ्यात फिल्म तिच्या डबीतून बाहेर येत जाते आणि सगळे फोटो झाले की ती उलटी फिरवून पुन्हा डबीत घ्यावी लागते. इथे उलटे आहे. कारखान्यात अंधारातच सारी फिल्म डबीतून बाहेर ओढून शेजारच्या रिकाम्या रिळावर गुंडाळतात. तुम्ही एकेक फोटो काढता तशी ती एकेक घर परत डबीत जाते. डबा मध्येच फुटला तरी काढलेले फोटो डबीत सुरक्षित असतात. शेवटचा फोटो झाला की रोल आपोआप बंद! उलटे फिरवण्याची मूठ नको, तिची यंत्रणा नको, ती कशी फिरवायची हे गिऱ्हाइकाला शिकवायलाही नको. कॅमेरा स्वस्त झाला तो मुख्यतः असा. पण याच युक्तीमुळे नवा रोल घरी उजेडात भरण्याची सोयही गेली.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत ईस्टमन यांच्या कोडक कंपनीने १८८८ साली जो कॅमेरा काढला, त्यात १०० फोटोंचा रोल भरूनच येई. किंमत २५ डॉलर. फोटो संपले की गिऱ्हाईक सबंध कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवी आणि १० डॉलरांत फोटो व नवा रोल भरलेला तोच कॅमेरा परत मिळे. म्हणजे पहिला 'भरून मिळणारा' कॅमेरा फेकायचा नव्हताच! १९४९ साली तिकडेच पुठ्ठ्याचा, आठ फोटोंचा एक कॅमेरा निघाला, तो फारसा चालला नाही. मग १९८६ साली जपानच्या फुजी कंपनीने आजच्या घाटाचा डबा आणला आणि तो धडाक्याने खपला. पुढल्याच वर्षी कोडकने आपला आणला. त्याचे नाव होते 'फ्लिंग', म्हणजे चक्क 'भिरकावून दे'.

या नावाने लोक बिथरले. एवढे प्लॅस्टिक भिरकावून द्यायचे, हे तिकडच्या लोकांनाही खटकले. मग कोडकने नाव बदलले आणि १९९० च्या सुमारास डबे दुकानांतून परत गोळा करू लागली. त्यासाठी डब्याची रचनाही बदलली. पूर्वी पेटीचे दोन भाग वितळवून जोडलेले असत, ते आता एकमेकांत अडकणाऱ्या चापांनी बसवले. चाप सोडवले की पेटी न फुटता उघडते, आतला सांगाडा आणि फ्लॅशची पट्टी तपासून पुन्हा नव्या कॅमेऱ्यात जाते, उरलेले प्लॅस्टिक दळले जाते. काम चांगलेच झाले, यात शंका नाही. पण नीट पाहिलेत का? तोच कॅमेरा आता पुनःपुन्हा वापरला जाऊ लागला, मात्र वापरणारी कंपनी. गिऱ्हाइकाने दर वेळी पूर्ण किंमत मोजायची आणि जुना डबा फुकट सोडून यायचे. पेटी उघडण्याची सोय झाली ती कंपनीच्या बाजूने, आपल्या बाजूने नव्हे.

दुसऱ्यांनी ती उघडली तेव्हा काय झाले, तेही ऐका. १९९० च्या दशकात जॅझ फोटो नावाची एक अमेरिकन कंपनी असे वापरलेले डबे चीनमध्ये भरून घेऊन स्वस्तात विकू लागली. तिथले कामगार पुठ्ठा काढीत, पेटी कापून उघडीत, नवा रोल भरीत, काही डब्यांत फिरकीचे चाक बदलीत, फ्लॅशचा सेल बदलीत, मोजणीची चकती पुन्हा मूळ आकड्यावर आणीत, पेटी बंद करून चिकटवीत आणि नवा पुठ्ठा चढवीत. फुजीने तक्रार केली, की हा आमच्या पेटंटचा भंग आहे, यांनी आमचा कॅमेरा नव्याने बनवला. १९९९ साली तिथल्या व्यापार आयोगाने फुजीच्या बाजूने हुकूम दिला आणि अशा मालाची आयात रोखली. पण २००१ साली वरच्या न्यायालयाने सांगितले, की ही नवी बनावट नव्हे, ही दुरुस्ती आहे. जो कॅमेरा कंपनीने अमेरिकेत एकदा विकला, त्याची दुरुस्ती करण्याचा हक्क घेणाऱ्याकडे जातो. 'एकदाच वापरा' असे पुठ्ठ्यावर छापले म्हणून काही करार होत नाही. परदेशात प्रथम विकलेल्या डब्यांना मात्र ही सवलत मिळाली नाही. ती गाठ सुटली २०१७ साली, छपाईच्या यंत्रात घालायच्या शाईच्या डब्यांच्या खटल्यात. वस्तू कुठेही विकली तरी विकणाऱ्याचा पेटंटचा हक्क संपतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. शाईचे ते डबे पुन्हा भरून देणारी दुकाने आपल्याला अंधेरी-घाटकोपरच्या स्टेशनांबाहेर पाहायला मिळतात.

आता मुद्द्यावर येऊ. हा कॅमेरा मुळातच असा बनवायचा की घरच्या घरी पुन्हा भरता येईल, आणि तरी स्वस्त राहील. जमेल का? अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून प्लॅस्टिकच्या वस्तू ओतणारी यंत्रे चालतात. साबणाच्या डब्या, बाटल्यांची बुचे, विजेच्या बटणांची खोकी. ओतकामाचे एक तत्त्व आहे. खर्च असतो तो लोखंडी साच्याचा. एकदा साचा झाला, की त्यातून निघणाऱ्या एकेका भागाला लागते ते मूठभर प्लॅस्टिक आणि काही सेकंद. म्हणून डब्यात एखादा भाग वाढला तरी नगाची किंमत थोडीच वाढते, पण साचा आधीच विचार करून बनवावा लागतो. मागून सुचलेली दुरुस्ती महाग पडते.

पहिला बदल झाकणाचा. पाठीमागचा भाग चापांनी कायमचा बसवण्याऐवजी त्याला बिजागरी द्यायची. साबणाच्या डबीला असते तशी पातळ घडीची बिजागरी सर्वांत स्वस्त, पण इथे एक अडचण आहे. या कॅमेऱ्यांच्या पेट्या पॉलिस्टायरीनच्या असतात. ते कडक असते, घडी घातली की मोडते. घडी सोसते ते पॉलिप्रॉपिलीन. म्हणून झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचे करायचे, नाहीतर घडीचा नाद सोडून एका बाजूला दोन कान आणि दुसऱ्या बाजूला एक खटका ठेवायचा. कानाखटक्याचे झाकण अधिक टिकेल असे वाटते, आणि कान मोडला तर नुसते झाकण बदलता येईल.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. केसाएवढ्या फटीतून ऊन शिरले तरी फिल्म जळते. नुसते झाकण घट्ट असून भागत नाही, कारण प्रकाश सरळ रेषेत जातो, तेव्हा त्याच्या वाटेत वळण टाकावे लागते. धान्याच्या कोठीचे झाकण जसे कडेवरून खाली उतरते, तसा झाकणाला ओठ आणि पेटीला खाच द्यायची. खाचेत काळ्या लोकरीचा एक धागा बसवला की काम पक्के. जुन्या महाग कॅमेऱ्यांची झाकणे दुरुस्त करताना लोक आजही अशी लोकर वापरतात.

तिसरी आणि मुख्य अडचण मघाची. फिल्म आधी पूर्ण बाहेर ओढून घ्यायची, तीही अंधारात. यावर एक तोड आहे. रिकाम्या रिळाचा दांडा पेटीच्या तळातून किंचित बाहेर येऊ द्यायचा आणि त्याला नाणे बसेल अशी खाच पाडायची. रोल उजेडात भरायचा, फिल्मची जीभ रिकाम्या रिळात अडकवायची, झाकण लावायचे आणि मग बाहेरून नाण्याने रीळ फिरवीत जायचे. सारी फिल्म बंद पेटीतच डबीतून रिळावर येते. सुरुवातीचा हातभर तुकडा उजेडाने वाया जातो, बाकी सगळी कोरी राहते. पुढे फोटो काढताना ती नेहमीप्रमाणे परत डबीत जाते. फक्त ओढताना दातेरी चाकाने आणि फिरकीच्या अडसराने वाट सोडली पाहिजे, म्हणजे अडसर उचलणारी एक छोटी कळ हवी. सगळ्या बदलात डोके लागेल ते या कळीला. मोजणीची चकती बोटाने फिरवता यावी आणि सेलला रेडिओसारखे वेगळे दार असावे, ही कामे किरकोळ.

हे स्वप्नरंजन नव्हे. ऑस्ट्रियातल्या लोमोग्राफी कंपनीने २०१७ साली रोल भरूनच विकला जाणारा, पण गिऱ्हाइकाला पुन्हा भरता येईल असा साधा कॅमेरा बाजारात आणला. कोडकच्या नावाने निघालेले साधे प्लॅस्टिकचे एम-३५ कॅमेरेही असेच पुन्हा भरता येतात. त्यांत मात्र फिल्म शेवटी मूठ फिरवून परत घ्यावी लागते.

आणि आपल्याकडे? वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना आग्फा क्लिक-३ आठवेल. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तो बनत असे. साधे भिंग, साधी पत्री, प्लॅस्टिकची पेटी. गुणाने या फेकायच्या डब्याचा थोरला भाऊच म्हणायचा. त्यात १२ चौकोनी फोटोंचा मोठा रोल बसे. त्या रोलला पाठीशी काळा कागद असतो आणि तो एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जातो, परत फिरवावाच लागत नाही. रिकामे झालेले रीळ पुढच्या रोलसाठी त्याच कॅमेऱ्यात सरकवायचे. एकेका घरात असा कॅमेरा वीस-वीस वर्षे चालला, बारशापासून लग्नापर्यंत. पुन्हा वापरता येण्यासाठी महाग भिंग लागत नाही, हे त्याने दाखवून दिले आहे. लागते ते उघडणारे झाकण आणि परत बसणारे रीळ.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचे या कॅमेऱ्याचे, मोबाइल आहे की खिशात. बरोबर आहे. पण मोबाइलची बॅटरी पूर्वी नखाने निघत असे, आता ती डिंकाने चिकटवलेली असते. शेतीच्या अवजारांतही बंद पेट्या आणि कुलूपबंद इलेक्ट्रॉनिक सामान शिरले आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीसाठी कित्येक वर्षे भांडून २०२३ साली कोलोरॅडो राज्यात तसा कायदा करून घेतला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने पहिल्याने जी चार क्षेत्रे निवडली त्यांत शेतीची अवजारे आहेत. बाकीची तीन म्हणजे मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी सरकारी संकेतस्थळही सुरू झाले. नवी मोटर, पंप किंवा ट्रॅक्टर घेताना दुकानदाराला विचारायला काय हरकत आहे, की हे उघडते कुठून, आणि सुटा भाग मिळतो का?

फेकलेले जाते कुठे, तेही मुंबईकडे पाहून कळते. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. मुलुंडची कचराभूमी भरून वाहू लागली, ती २०१८ साली बंद करावी लागली. भंगारवाला पत्रा, तांबे आधी उचलतो. प्लॅस्टिक, पत्री, पट्टी, सेल असे सारे एकत्र चिकटवलेला डबा सोडवत बसणे त्याला परवडत नाही.

घरी असा डबा आलाच, तर एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा. फ्लॅश असलेला डबा मुलांच्या हाती फोडायला देऊ नका. आतला सेल दीड व्होल्टचा असला तरी फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या भागात ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. झटका जबरदस्त बसतो. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्यानेच उघडावा.

बिनफ्लॅशचा डबा मात्र हौशी माणसाला पुन्हा भरता येतो. २४ फोटोंचा, ४०० वेगाचा रोल घ्यावा. ३६ चा मोजणीत बसत नाही. आधी एखाद्या खराब फिल्मवर दिवसाउजेडी सराव करा. चाप कुठे आहेत, फिल्मची भोके चाकाच्या दातांवर कशी बसतात, फिरकीचे टोक डबीच्या मध्यात कसे शिरते, हे बोटांना कळले पाहिजे. मग अमावस्येची रात्र पाहून खिडकी नसलेल्या खोलीत बसा, दाराच्या फटीला घोंगडी लावा, मोबाइल बाहेर ठेवा. वर आणखी एक जाड गोधडी घेऊन तिच्या आत हात घालून काम केले तर उत्तमच. फिल्म कडेनेच धरा, सावकाश रिळावर गुंडाळा, डबी जागेवर बसवा, झाकण दाबा आणि प्रत्येक सांध्यावर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी दोनदा फिरवा. डब्यावर तारीख आणि रोलचा वेग लिहून ठेवा.

हा भरलेला डबा मात्र दुकानात देऊ नका. फोटो संपले की पुन्हा तशाच अंधारात तो स्वतः उघडा आणि नुसती डबी धुवायला पाठवा. आणि मूळचा, कारखान्यातून भरून आलेला डबा मुंबईला पाठवायचा असेल, तर अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या दुकानात देणाऱ्या मुलाला एवढे बजावून सांगा, की निगेटिव्हबरोबर रिकामा डबाही मागून घे, आणि फोडण्याऐवजी चाप सोडवून उघडायला सांग. सांगितले तर बहुतेक दुकानदार तसे करून देतात.